मिकमॉक कोळ्यांची कंपनी

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर मिकमॉक हे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत. त्यांच्यातल्या डोनाल्ड मार्शल यांनी १९९३ साली वाम मासे पकडून विकले, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. विक्रीची रक्कम होती अवघी ७८७ डॉलर! १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिशांशी झालेल्या १७६०-६१ च्या तहांचा आधार घेत त्यांना निर्दोष सोडलं आणि मासे विकून बेताची उपजीविका करण्याचा मिकमॉकांचा हक्क मान्य केला.

पण हक्क मिळाला तरी मोठ्या व्यवसायात उतरायला भांडवल कुठून आणायचं? कॅनडाच्या आदिवासींविषयीच्या ‘इंडियन ॲक्ट’ या कायद्यामुळे त्यांच्या राखीव वसाहतीतली जमीन बँकेकडे सहजी गहाण ठेवता येत नाही. शेवटी आदिवासी समुदायांच्याच वित्तसंस्थेने कर्ज दिलं आणि २०२१ मध्ये मिकमॉक समुदायांनी ‘क्लिअरवॉटर’ या बलाढ्य मत्स्यकंपनीची निम्मी मालकी विकत घेतली. ही भागीदारी मला फार मोलाची वाटते, कारण निर्णयाच्या टेबलाशी आता त्यांची खुर्ची आहे.

छोट्या होड्यांवरच्या मिकमॉक कोळ्यांचा झगडा मात्र संपलेला नाही. ठरलेल्या हंगामाबाहेर टाकलेले त्यांचे शेवंडीचे सापळे सरकारी अधिकारी अजूनही जप्त करतात.