बाळाचा श्वास मोजा

घरात सर्दीची साथ येते. थोरला मुलगा नाक पुसत शाळेत जातो, आजोबा काढा घेऊन बरे होतात, आणि तीन महिन्यांच्या बाळाला मात्र ऑक्सिजन लावावा लागतो. ‘‘डॉक्टर, सर्दी सगळ्यांनाच झाली, मग बाळालाच एवढं का?’’ असं आया मला विचारतात. प्रश्न रास्त आहे.

पहिलं कारण साध्या गणिताचं. समजा, एक नळी ८ मिलिमीटर रुंद आहे आणि दुसरी ४. दोन्हींना आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली, तर मोठ्या नळीत निम्म्याहून अधिक जागा उरते. लहानीत फक्त पाव. बाळाच्या श्वासनळ्यांचं असंच होतं.

दुसरं, त्याच्या बरगड्या मऊ आणि आडव्या असतात. आपल्यासारखा खोल श्वास त्याला घेता येत नाही, म्हणून ते भराभर श्वास घेतं आणि लवकर थकतं. त्यात नाक चोंदलं, की दूधही ओढता येत नाही.

तिसरं, आईकडून नाळेवाटे मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते आणि स्वतःची अजून तयार व्हायची असते. ही शिदोरी मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मिळते. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त जपावं लागतं.

मग ओळखायचं कसं? बाळ शांत असताना पोटाकडे बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फासळ्यांखाली खळगा पडत असेल, बाळाने दूध सोडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र असली तरी निघा. तान्ह्या बाळाला ताप नसतानाही न्यूमोनिया असू शकतो.

ही मोजणी अवघड नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्यामुळे तिथले बालमृत्यू घटले. १९९० साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वेळेवर लसी आणि घरात चुलीचा किंवा विडीचा धूर नको, एवढं सांभाळा. सर्दी झालेल्या पाहुण्यांनी बाळाला लांबूनच बघावं. त्यात कुणी राग मानू नये.