प्रतिनिधीचे मत आणि मतदाराचे कर्तव्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणूक जवळ आली म्हणजे उमेदवार आपल्या वस्तीत येतात. बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार घालतात, चार शब्द गौरवाचे बोलतात, आणि आपल्या मताची याचना करतात. पाच वर्षांनी तेच गृहस्थ पुन्हा येतात. या दोन भेटींच्या मधल्या काळात सभागृहात आपल्या हक्काचा प्रश्न निघाला तेव्हा यांनी कोणते मत दिले, असा प्रश्न त्यांना विचारणारा मनुष्य क्वचितच भेटतो. आपले मत मागण्यास जो येतो, त्याचे मत काय पडले हे पाहण्याचा अधिकार आपणांस आहे. तो अधिकार कसा वापरावा, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम सभागृहात मत कसे घेतले जाते ते समजून घेऊ. संविधानाच्या अनुच्छेद १०० प्रमाणे संसदेत, व अनुच्छेद १८९ प्रमाणे राज्याच्या विधिमंडळात, सामान्य प्रश्नाचा निर्णय हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो. परंतु प्रत्येक वेळी मते मोजली जातात असे मात्र नाही. अध्यक्ष प्रश्न मांडतात, अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा हे कानाने ठरवून अध्यक्ष निर्णय जाहीर करतात. हे आवाजी मतदान होय. यात कोणाचेही नाव नोंदले जात नाही.

अध्यक्षांच्या या निर्णयास सभागृहात हरकत घेतली गेली, तरच मतविभागणीचा प्रसंग येतो. लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये ही रीत सांगितली आहे. घंटा वाजते, प्रश्न दुसऱ्यांदा मांडला जातो, आणि हरकत कायम राहिली तर सदस्य आपल्या जागेवरील कळ दाबून किंवा चिठ्ठीवर सही करून मत नोंदवितात. हिरवी कळ होकाराची, तांबडी नकाराची आणि पिवळी तटस्थतेची. मात्र याच नियमात एक पळवाटही आहे. मतविभागणीची मागणी विनाकारण केली आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून केवळ डोकी मोजू शकतात, आणि तसे केल्यास नावे नोंदली जात नाहीत.

संविधानदुरुस्तीची गोष्ट वेगळी आहे. अनुच्छेद ३६८ प्रमाणे तिला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांचे बहुमत, अशी दोन्ही लागतात. तेथे कानावर भागत नाही. मोजणी करावीच लागते. म्हणूनच राखीव जागांविषयीच्या घटनादुरुस्त्यांवर कोणी काय मत दिले हे आपणांस निश्चितपणे कळू शकते.

एक उदाहरण घेऊ. जानेवारी २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के राखीव जागा ठेवणारी १०३ वी घटनादुरुस्ती संसदेपुढे आली. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांतील गरिबांना तिच्या लाभातून वगळले होते. लोकसभेत ३२३ सदस्यांनी बाजूने व ३ सदस्यांनी विरुद्ध मत दिले. राज्यसभेत १६५ बाजूने व ७ विरुद्ध. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तीन विरुद्ध दोन अशा मतांनी वैध ठरविली. दुरुस्ती योग्य की अयोग्य, यावर आपणांत मतभेद असू शकतील. परंतु राखीव मतदारसंघातून निवडून गेलेल्या आपल्या प्रतिनिधीने त्या दिवशी कोणती कळ दाबली, हे कागदावर आहे. ते न पाहता त्याची स्तुती किंवा निंदा करणे हे दोन्ही अज्ञानाचेच प्रकार होत.

आता दुसरे उदाहरण पाहा. ते अधिक बोधप्रद आहे. नोकरीतील बढत्यांत अनुसूचित जाती-जमातींस राखीव जागा ठेवण्याचा मार्ग न्यायालयीन निर्णयांमुळे अवघड झाला, तेव्हा ११७ वे घटनादुरुस्ती विधेयक आणले गेले. १७ डिसेंबर २०१२ रोजी राज्यसभेने ते २०६ विरुद्ध १० मतांनी संमत केले. विरोध करणारे ते दहा कोण, हे आजही कोणी वाचू शकतो. त्यानंतर विधेयक लोकसभेपुढे आले. तेथे गोंधळ झाला, मंत्र्यांच्या हातातून कागद हिसकावण्यापर्यंत मजल गेली, आणि विधेयक मतास पडलेच नाही. मे २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली व विधेयक व्यपगत झाले.

बंधुभगिनींनो, यातील मर्म लक्षात घ्या. राज्यसभेत ज्यांनी विरोध केला त्यांची नावे इतिहासात राहिली. लोकसभेत ज्यांच्या उदासीनतेमुळे विधेयक मेले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही यादीत नाही. उघड विरोधकाला जाब विचारता येतो. विधेयक मतास येऊच न देणाऱ्यास आणि स्वस्थ बसणाऱ्यास तो विचारणे कठीण होते. आपल्या हक्कांची हानी विरोधी मताने जितकी होते, तितकीच न झालेल्या मतदानानेही होते.

आवाजी मतदानानेही हेच साधते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीविषयक दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. मतविभागणीची मागणी झाली होती. पण मागणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते, या कारणास्तव ती मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. आपल्या महाराष्ट्रात १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, तेही आवाजी मतदानाने. नागरिकांच्या संघटनास्वातंत्र्यास स्पर्श करणारा एवढा मोठा कायदा. परंतु २८८ आमदारांपैकी कोण कोणत्या बाजूस होता याची नावनिशीवार यादी नाही. अशा वेळी चर्चेतील भाषणे वाचूनच अंदाज बांधावा लागतो.

मग शोध घ्यावा कसा? संसदेच्या कार्यवाहीचा शब्दशः वृत्तांत प्रसिद्ध होतो व तो संसदेच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य वाचता येतो. आधी विधेयकाचे नाव व ते संमत झाल्याची तारीख काढावी. त्या दिवसाचा वृत्तांत उघडावा. मतविभागणी झाली असेल तर बाजूच्या व विरुद्धच्या सदस्यांच्या याद्या तेथे मिळतात. नावे शोधताना आडनाव आधी असते हे ध्यानात ठेवावे. यंत्रात चूक झाल्यास सदस्य चिठ्ठीने दुरुस्ती करतात. सबब यादीखालील टिपाही वाचाव्यात. विधिमंडळाचा वृत्तांत सहज मिळाला नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. त्यास महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क लागते, आणि उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक असते.

यादी वाचताना तीन गोष्टींचा विवेक ठेवावा. पहिली, यादीत नाव नसणे म्हणजे विरोध नव्हे. सदस्य गैरहजर असेल, किंवा सभात्याग करून गेला असेल. विरोधी मत देणे आणि बाहेर निघून जाणे यांत फरक आहे, आणि तो फरक आपण त्यास विचारला पाहिजे. दुसरी, हजेरीचे व विचारलेल्या प्रश्नांचे आकडे म्हणजे मत नव्हे. तिसरी, १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे सदस्याचे मत हे पुष्कळदा त्याच्या पक्षाचे मत असते. सबब जाब एकट्या सदस्यास विचारून भागणार नाही, तो पक्षासही विचारला पाहिजे. मात्र पक्षादेश हा कायम लपण्याचा आडोसा होता कामा नये. पक्षाच्या बैठकीत आपण काय बोललात, हे तरी प्रतिनिधीने सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, सभागृहातील मत हा सदस्याचा विशेषाधिकार आहे, त्यात मतदाराने का डोकवावे? अनुच्छेद १०५ ने सदस्यास मताबद्दल न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण दिले आहे, हे खरे. परंतु मतासाठी लाच घेणाऱ्यास ते संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ४ मार्च २०२४ रोजी एकमताने दिला व १९९८ चा निर्णय रद्दबातल केला. आणि न्यायालयापासून संरक्षण म्हणजे मतदारापासून संरक्षण नव्हे.

ही शिस्त आपणांस परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दाखवून दिले की, भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे नियम ठाऊक होते. विनयपिटकात शलाका वाटून मत घेण्याची रीत सांगितली आहे. मते घेणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा, आणि कोणी शलाका घेतली व कोणी घेतली नाही हे त्यास कळले पाहिजे, असा तेथे दंडक आहे. मत घेणाऱ्याच्या अंगी जे गुण हवेत, तेच मत तपासणाऱ्याच्याही अंगी हवेत. आपल्या जातीचा म्हणून माफी नको, परका म्हणून आकस नको.

शेवटी दोन सूचना करतो. प्रत्येक वस्तीतील वाचनालयात एक वही ठेवा. तीत आपल्या हक्कांशी संबंधित प्रत्येक विधेयकाचे नाव, तारीख, मतदानाची रीत आणि आपल्या आमदार-खासदाराचे मत लिहा. नाव सापडले नाही तर ‘नोंद नाही’ असेच लिहा, ऐकीव गोष्ट लिहू नका. आणि पुढील निवडणुकीत उमेदवार येईल तेव्हा त्याच्याकडून एवढेच वचन घ्या की, दुर्बलांच्या हक्कांचा प्रश्न निघेल तेव्हा तो मतविभागणी मागेल आणि स्वतःचे नाव कागदावर येऊ देईल. जो आपले नाव लिहू देण्यास कचरतो, त्याच्या नावापुढे आपण शिक्का का मारावा?

जय भीम.