पाल्याचा अर्क की ताटातली भाजी?

 

'अमुक पाल्याचा अर्क घ्या, कोलॅजन वाढवा' अशा जाहिराती आपण हल्ली ऐकतो. पैसे मोजण्याआधी हे कोलॅजन काय आहे, ते समजून घेऊ.

कोलॅजन हे आपल्या शरीरातलं एक प्रथिन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण तिसरा हिस्सा त्याचाच. कातडी, हाडं, सांधे, रक्तवाहिन्या यांना ते बांधून ठेवतं. दोर वळताना तीन पदर एकत्र पिळतात ना, तशीच त्याची रचना असते. हा पीळ पक्का बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते फार कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, जखमा लवकर भरत नाहीत. 1747 साली जेम्स लिंड या डॉक्टरांनी जहाजावरच्या अशा आजारी खलाशांना संत्री-लिंबं दिली आणि ते झपाट्यानं सुधारले.

पण कोलॅजन वाढलं म्हणजे चांगलंच, असं नाही. दारूमुळे किंवा जुन्या काविळीमुळे यकृतात ते साचत जातं आणि यकृत कडक होतं. मधुमेहात रक्तातली साखर कोलॅजनला चिकटते आणि रक्तवाहिन्या ताठर होतात. म्हणजे एका अवयवाला हवं ते दुसऱ्याला नको असतं.

काही पाल्यांचा अर्क दिल्यावर उंदरांच्या यकृतात साचणारं कोलॅजन कमी झालं, असे प्रयोग झाले आहेत. पण उंदराला मोजून दिलेला दाट अर्क वेगळा आणि बाजारातली पुडी वेगळी. म्हणून अर्काच्या भरवशावर साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी कुणीही बंद करू नका. यकृताचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क घेऊ नका.

मग करायचं काय? बाईला दिवसाला साधारण 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. शेवग्याच्या 100 ग्रॅम ताज्या पाल्यात ते 100 मिलिग्रॅमच्या आसपास असतं; शिजवताना त्यातलं बरंच कमी होतं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा. आपल्याकडे पानांवर धूळ बसते, तेव्हा दोन-तीन पाण्यांतून नीट धुवा. चिरलेली भाजी पाण्यात ठेवू नका. झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवा. अंबाडी उकडून पाणी टाकतो, त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्वही जातं. त्या दिवशी जेवताना लिंबू पिळा, नाहीतर पेरू खा. आणि नुसत्या पाल्यावर भागत नाही. कोलॅजन बनायला प्रथिनं लागतात, म्हणून सोबत डाळ, दूध किंवा अंडं हवं.

शेवटचं, पण महत्त्वाचं. घरात सगळ्यांना वाढून झालं की कढईत भाजी उरतेच असं नाही, आणि बाई ठेचा-भाकरीवर उठते. आजपासून भाजी वाढतानाच स्वतःची वाटी बाजूला काढा. पुडीचे पैसे वाचतील, आणि त्या पैशांत परसात शेवगा लावून घरच्या सगळ्यांना ताजा पाला मिळेल.