सालईचा डिंक आणि आईचे गुडघे

आजचा एपिसोड थोडा घरगुती आहे. मिहानमधून घरी आलो, जेवलो आणि माइक लावून बसलोय. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

मागच्या दिवाळीत आमच्या एका नातेवाइकानं आईला गुडघ्यांसाठी पुड्या आणून दिल्या. तपकिरी चूर्ण, साध्या कागदात बांधलेलं. "शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट झिरो," असं सांगितलं. आणि खरंच सांगतो, तिसऱ्या दिवशी आई जिना चढून गच्चीवर गेली. मला म्हणे, "बघ, तुझ्या त्या पेनकिलरपेक्षा हे बरं." आम्ही खूश. दोन महिन्यांनी तिचा चेहरा सुजला, शुगर वाढली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "पुडीत काय आहे?" पुडीवर काही लिहिलेलंच नव्हतं. ना नाव, ना घटक, ना बनवणारा. डॉक्टरांचा अंदाज, स्टेरॉइड मिसळलेलं असणार. वर त्यांनी बजावलं की एकदम बंद करू नका, मी सांगतो तसं हळूहळू कमी करू. हे तुम्हीही लक्षात ठेवा. अशी पुडी घरी कोणी बरेच दिवस घेत असेल तर रागाच्या भरात फेकून देऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा.

त्या दिवशी मी ठरवलं होतं की जडीबुटी हा विषयच बंद. मग रात्री सवयीप्रमाणे शोधत बसलो आणि एक गोष्ट सापडली, जी नागपूरकर असून मला माहीत नव्हती.

सालईचं झाड तुम्ही पाहिलं असेल. पेंच, मेळघाट, आपली सगळी कोरडी टेकाडं. उन्हाळ्यात पानं झडलेली असतात आणि साल कागदासारखी सुटते. खोडाला चीर दिली की सुवासिक डिंक येतो. आयुर्वेदात हिचं नाव शल्लकी, सांधेदुखीसाठी जुनं औषध. १९८० च्या दशकात जम्मूच्या प्रयोगशाळेत त्या डिंकाच्या अर्कावर काम झालं आणि सूज कमी करणारे घटक बॉसवेलिक आम्लं म्हणून ओळखले गेले.

पण प्रयोगशाळेत सूज कमी होणं वेगळं आणि माणूस जिना चढणं वेगळं. ते तपासलं कुठं? आपल्या मेयोत! म्हणजे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात. किंमतकर, थवानी आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २००३ साली 'फायटोमेडिसिन' या जर्नलमध्ये छापून आला. गुडघ्यांची झीज असलेले ३० रुग्ण. १५ जणांना सालईचा अर्क, १५ जणांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आठ आठवडे. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. मग काही दिवस औषध बंद, आणि त्यानंतर अदलाबदल. आधी खोटी गोळी घेणाऱ्यांना खरी आणि उलट. आम्ही अ‍ॅपमध्ये ए-बी टेस्टिंग करतो ना, निम्म्या युजर्सना जुनं बटण, निम्म्यांना नवं, तसंच. फरक इतकाच की इथं बटण दुखतं.

निकाल असा की अर्क घेताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काहीच बदल नाही. म्हणजे "झिजलेली गादी परत येते" असं जे जाहिरातीत सांगतात, ते या अभ्यासात दिसलं नाही. पोटाच्या किरकोळ तक्रारी झाल्या.

२००७ मध्ये नागपुरातूनच दुसरा अभ्यास आला आणि मला तो जास्त आवडतो. ६६ रुग्ण, सहा महिने. एका गटाला ३३३ मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीनदा, दुसऱ्याला वाल्डेकॉक्सिब ही तेव्हाची आधुनिक वेदनाशामक गोळी. गोळीनं महिन्याभरात फरक दाखवला, अर्काला दोन महिने लागले. पण औषध थांबवल्यावर महिन्यानं पाहिलं तर गोळीचा परिणाम ओसरला होता आणि अर्काचा टिकून होता.

आता इथं माझ्यातला टेस्टर जागा झाला. या दुसऱ्या अभ्यासात रुग्णांना माहीत होतं की आपण काय घेतोय, त्यामुळे "मला बरं वाटतंय" यात मनाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. दुसरं म्हणजे अर्काचा परिणाम खरंच महिनाभर टिकत असेल, तर पहिल्या अभ्यासात आधी अर्क घेतलेल्यांना नंतर खोटी गोळी घेतानाही थोडं बरं वाटत असणार. मग खोटी गोळी आहे त्यापेक्षा चांगली दिसेल. आमच्याकडे आधीच्या टेस्टचा डेटा साफ न करता पुढची टेस्ट चालवली की हेच होतं. शिवाय ३० आणि ६६ हे आकडे लहानच आहेत भाऊ.

आणि ती वाल्डेकॉक्सिब? २००५ मध्ये, हा अभ्यास छापून येण्याआधीच, हृदयाच्या धोक्यामुळे आणि त्वचेच्या गंभीर रिअ‍ॅक्शन्समुळे बाजारातून काढली गेली. यावर "बघा, अ‍ॅलोपॅथी हरली" म्हणणारे मेसेज सहज बनवता येतील. मला उलटं दिसतं. ती गोळी काढता आली कारण कोणीतरी दुष्परिणाम मोजत होतं. आईच्या पुडीचे दुष्परिणाम कोण मोजत होतं?

मोठे अभ्यासही झालेत. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे सुंठ, गुळवेल, आवळा यांचं मिश्रण तपासलं. एका गटाच्या मिश्रणात सालईही होती. समोर ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब. २०१३ मध्ये निकाल आला, दुखणं कमी करण्यात सगळे जवळपास बरोबरीत. पण काही रुग्णांचं यकृताचं एन्झाइम वाढलं, औषध बंद केल्यावर खाली आलं. त्यांनी ते लपवलं नाही, छापलं. कोविडमध्ये आपण घरोघरी गुळवेलीचा काढा प्यायलो, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही, वाद झाला.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. हे सगळं गुडघ्यांच्या झिजेबद्दल चाललंय. आमवात, म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतं तो आजार, त्यावर चोप्रांच्याच टीमनं १८२ रुग्णांवर एक आयुर्वेदिक मिश्रण तपासलं होतं, २००० साली छापलं. तिथं खोटी गोळी घेणारेही इतके सुधारले की औषधाचा स्वतःचा फायदा नीट सिद्धच करता आला नाही. तेव्हा कोणाची मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती थांबवून सालई नको.

परवा आईनं विचारलं, "मग मी तो सालईचा घेऊ का रे?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. त्यांनी आधी शुगर आणि यकृताच्या टेस्ट सांगितल्यात, मग बघू म्हणाले. घ्यायचाच झाला तर लेबल असलेला, अर्काचं प्रमाण लिहिलेला, आणि जेवणासोबत, कारण बॉसवेलिक आम्लं रिकाम्या पोटी फार कमी शोषली जातात, तेल-तुपाच्या जेवणासोबत जास्त. हे ऐकून आई खूश. तुपाचं निमित्त मिळालं ना.

नातेवाइकाचा परवा पुन्हा फोन आला, नवीन पुड्या आल्यात म्हणे. आईनं त्यांना शांतपणे विचारलं, "भाऊजी, यात काय काय आहे ते जरा कागदावर लिहून द्या ना." अजून कागद आलेला नाही. आला की पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो.