गोल्ड कोस्टची पहिली निवडणूक आणि बाजारातल्या बाया

(पंचायत सदस्य व महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय ‘निवडणूक आणि आपण’ असा ठरला आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी पंचायतीत बसून आल्यात. त्यांना निवडणूक म्हणजे काय हे मी सांगणं हा आगाऊपणा होईल. म्हणून मी तुम्हांला दूरची गोष्ट सांगणार आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या घानाची. १९५७ साली तो देश स्वतंत्र झाला. त्याआधी तो इंग्रजांच्या ताब्यात होता आणि त्याचं नाव होतं गोल्ड कोस्ट. स्वराज्याच्या वाटेवर तिथे फेब्रुवारी १९५१ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तोपर्यंत मत होतं ते शहरातल्या मालमत्तावाल्यांना आणि गावोगावच्या सरदारांना.

पण निवडणुकीच्या आधी बाजार बघावा लागतो. गोल्ड कोस्टच्या दक्षिण भागात कापड, मासळी, सुरण, टोमॅटो असा किरकोळ व्यापार बायांच्याच हातात होता. एकेका मालाची एकेक मुख्य बाई असते, तिला तिथे ‘राणी’च म्हणतात. भांडण तीच मिटवते, जागा कुणाला द्यायची तेही तीच बघते. दुसऱ्या महायुद्धानंतर मालाची टंचाई झाली, भाव चढले. ठोक माल गोऱ्या कंपन्यांच्या मुठीत. तेव्हा जानेवारी १९४८ मध्ये आयात मालावर बहिष्कार पुकारला गेला. आता बाजार बायांचा, तेव्हा त्यांच्यावाचून बहिष्कार चालला असता का? २८ फेब्रुवारीला, बहिष्कार मागे घेतला गेला त्याच दिवशी, युद्धावरून परतलेले सैनिक अक्रा शहरात गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले. पोलिसांनी गोळी चालवली, तिघे मेले, शहर पेटलं. पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्यानंतरच इंग्रजांना नवी राज्यघटना द्यावी लागली.

टार्क्वा या खाणींच्या गावात हॅना कजो नावाची बाई शिवणकाम करायची. राजकारण हे पुरुषांचं काम, असं तिचंही सुरुवातीला मत. क्वामे एन्क्रुमा गावात आले, तिच्या घरी उतरले, आणि बायका का बोलत नाहीत असं त्यांनी तिला विचारलं. तेव्हापासून ती बोलू लागली. १९४९ मध्ये एन्क्रुमांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढली तेव्हा पक्ष गावोगाव नेणाऱ्यांत ती होती. कुमासीच्या एका सभेचा प्रसंग एन्क्रुमांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. एक बाई व्यासपीठावर चढली, भाषण करून तिने ब्लेडने स्वतःचा चेहरा कापला, रक्त अंगाला फासलं आणि समोरच्या पुरुषांना म्हणाली, तुम्हीही करून दाखवा. तिने आपलं नावही बदलून घेतलं होतं : अमा एन्क्रुमा. मला हा प्रसंग वाचून अभिमान वाटत नाही, धास्तीच वाटते. बाईला निष्ठा सिद्ध करायला केवढी किंमत मोजावी लागते! आणि नाव शेवटी पुढाऱ्याचंच.

आता निवडणूक. कायदेमंडळात ८४ जागा. त्यांतल्या ३७ सरदारांच्या परिषदांकडे, ६ खाणी नि व्यापारी कंपन्यांकडे, ३ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या. लोकांच्या वाट्याला ३८ आणि त्यांतही फक्त ५ शहरी जागांवर थेट मतदान. बाकी ३३ ठिकाणी लोकांनी आधी प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी सदस्य निवडायचा. तरीही एन्क्रुमांच्या पक्षाने ३८ पैकी ३४ जागा जिंकल्या. पक्षाचं चिन्ह तांबडा कोंबडा, अक्षरओळख नसलेल्यालाही समजणारं. स्वतः एन्क्रुमा तुरुंगात होते. तिथूनच ते अक्रातून उभे राहिले आणि २३,१२२ पैकी २२,७८० मतं मिळवून आले. १२ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडलं.

आणि त्या कायदेमंडळात बायका किती? एकही नाही.

त्याच वर्षी पक्षाने चार बायांना प्रचार सचिव नेमलं. लेटिशिया क्वे, हॅना कजो ही त्यांतली नावं. म्हणजे फिरा, सभा घ्या, माणसं जोडा. एन्क्रुमांनी पक्षाच्या यशाचं मोठं श्रेय बायांना दिलं आहे. श्रेय द्यायला खर्च येत नाही.

१९५४ मध्ये १०४ जागा थेट मतदानाने भरल्या. त्यांत एक बाई आली, मेबेल डव्ह. ही पत्रकार. बायांच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं लिहीत आलेली. पक्षाच्या वर्तमानपत्राची ती काही महिने संपादकही होती; मतभेद झाल्यावर एन्क्रुमांनीच तिला काढलं होतं. तरी तिकीट मिळालं, हे नोंदवायला हवं.

मग १९६० साली घानाने कायदा करून दहा बायांना सभागृहात आणलं. आपल्याकडे ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, म्हणजे त्याच्या तेहतीस वर्षं आधी. काही अभ्यासक म्हणतात, या दहाजणी पक्षाच्या हो ला हो करणाऱ्या होत्या. असतीलही, दहाहीजणी बिनविरोध आल्या होत्या. ‘बिनविरोध’ या शब्दामागे गावात काय काय घडतं ते तुम्हांला मी सांगायला नको. पण त्यांच्यातच सुसाना अल-हसन होती, उत्तरेकडच्या मागास भागातली मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. ती पुढे देशाची पहिली महिला मंत्री झाली. जागा नसती तर ती तिथवर पोचली असती असं मला वाटत नाही. तेव्हा राखीव जागांना नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. त्याच १९६० मध्ये बायांच्या स्वतंत्र संघटना एकत्र करून पक्षाची एकच महिला परिषद करण्यात आली. एव्हलिन अमार्टेफिओ यांनी १९५३ मध्ये उभा केलेला महासंघ, जो लग्न आणि वारसाहक्काचे कायदे मागत होता, तो त्यात विसर्जित करावा लागला. १९६४ मध्ये एकच पक्ष कायदेशीर ठरला. १९६६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, पक्षावर बंदी आली. पक्षाबरोबर परिषदही गेली. जागा गेल्या त्या गेल्याच, आणि त्या परत मागायला बाहेर स्वतंत्र संघटनाही उरली नव्हती. समान प्रतिनिधित्वाचा नवा कायदा घानात झाला तो २०२४ मध्ये.

आपल्याकडे २०२३ साली लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा झाला, त्यात आधी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना अशी अट घातली गेली. पंचायतीत महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आहेत. आणि निवडणूक आली की बचत गटाकडे गाडी येतेच : हळदीकुंकू, साड्या, ‘ताई, पन्नास बाया सभेला आणा’. मी गटांबरोबर काम करते, हे दरवेळी बघते. बाया जातात, कारण नाही म्हटलं तर कर्जाचं काम अडतं. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

चहानंतर आपण चार गटांत बसू. प्रत्येक गटाने एवढंच लिहून आणायचं : आपल्या तालुक्यात गेल्या निवडणुकीत प्रचाराला किती बाया होत्या, त्यांपैकी कितीजणींनी तिकीट मागितलं, आणि मागितल्यावर काय उत्तर मिळालं. नावं लिहू नका, उत्तर मात्र शब्दशः लिहा.