पाय जमीन विसरतात तेव्हा



जालन्याहून वेरूळ फार दूर नाही. तेथील जैन लेण्यांपैकी इंद्रसभा लेण्यात भगवान बाहुबलींची उभी मूर्ती आहे. अंगावर वेली चढल्या आहेत, पण पाऊल हललेले नाही. कायोत्सर्गाची ही मुद्रा प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येक घराला परिचित आहे. दोन पावलांत पुढे चार आंगळांचे अंतर, मागे त्याहून किंचित कमी, शरीर सरळ, दृष्टी खाली किंवा मिटलेली. मात्र साठी ओलांडलेल्या कित्येकांना या मुद्रेत एक वेगळाच अनुभव येतो. डोळे मिटताच शरीर झुलू लागते आणि हात नकळत भिंत शोधतो. ‘लक्ष लागत नाही’ किंवा ‘आता वय झाले’ एवढे म्हणून विषय तेथेच संपविला जातो. आजचे व्याख्यान त्या झुलण्याविषयी आहे.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे वैद्य मॉरिट्झ रोम्बर्ग यांनी नेमकी हीच गोष्ट रुग्णांत टिपली. पाय जुळवून उभा केलेला रुग्ण डोळे उघडे असताना स्थिर राहतो आणि मिटताच डोलतो. आजही डॉक्टर ही परीक्षा त्यांच्याच नावाने ओळखतात. तिच्यामागील तत्त्व साधे आहे. माणसाचा तोल तीन आधारांवर उभा असतो : डोळे, कानाच्या आतील भागातील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय व सांध्यांतून मेंदूकडे जाणारी जमिनीची बातमी. तिसरा आधार क्षीण झाला तरी दिवसाउजेडी डोळे ती उणीव भरून काढतात. म्हणूनच घरच्यांना काहीच दिसत नाही. आंघोळीच्या वेळी तोंडाला साबण लावताना तोल जातो, पहाटे अंधारात स्थानकाकडे निघताना पाऊल चुकते, वीज गेल्यावर माणूस जागच्या जागी खिळतो. त्यातच मोतीबिंदू असेल तर दुसरा आधारही कमी पडतो.

या विकाराला वैद्यकात न्यूरोपॅथी म्हणतात. चेतातंतूंची झीज असे त्याचे वर्णन करता येईल. शरीरातील सर्वांत लांब चेतातंतू कमरेच्या मणक्यांपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि त्यांची लांबी सुमारे एक मीटर भरते. जे तंतू सर्वांत लांब ते सर्वांत आधी दुबळे होतात, म्हणून प्रारंभ बोटांपासून होतो आणि बधिरता मोजा चढावा तशी वर सरकते. कुणाला मुंग्या येतात, कुणाचे तळवे रात्री जळतात, कुणाला गादीवर चालल्यासारखे वाटते. चप्पल पायातून केव्हा निसटली हेच कळत नाही, ही खूण तर इतकी सर्वसाधारण आहे की घरात तिच्यावर विनोद होतात.

कारणे अनेक आहेत. मधुमेह हे सर्वांत मोठे कारण. मूत्रपिंडाचे विकार, थायरॉईड, काही औषधे, कुष्ठरोग हीही आहेत. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल तर लाज न बाळगता दाखवावा. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि सरकारी रुग्णालयांत ते औषध विनामूल्य मिळते. परंतु या सभागृहात अधिक वेळ द्यावा असे कारण निराळेच आहे, कारण त्याचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहाराशी येतो. ते कारण म्हणजे जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. त्यांत खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुष होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींना कमतरतेचा धोका चौपटीहून अधिक होता. येथे एक खुलासा आवश्यक आहे. रक्तातील आकडा कमी असलेल्या प्रत्येकाच्या चेतातंतूंना इजा होतेच असे नाही. पण सुखवस्तू, सुशिक्षित, दूध-तूप खाणाऱ्या घरांतच कमतरता अधिक निघावी, ही बाब ‘आमच्या घरी खाण्यापिण्याची काय कमी?’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

हे असे का होते? बी-१२ हे जीवनसत्त्व निसर्गात केवळ सूक्ष्म जीवाणू तयार करतात. धान्य, कडधान्य, भाजी, फळे यांत ते नसते. मोड आलेल्या कडधान्यांचा किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्यांचा याबाबतीत गवगवा होतो, तो व्यर्थ आहे. शाकाहारी माणसाजवळ ते येते दूध, दही, ताक, पनीर यांतून. गरज रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाएवढी. पण दुधाच्या एका पेल्यातून मिळते सुमारे एक मायक्रोग्रॅम, आणि उतारवयात कित्येकांचे दूध चहापुरतेच उरते. तुपात तर ते जवळजवळ नसतेच. शिवाय आहारातून आलेले बी-१२ शोषून घेण्यास जठरातील आम्ल लागते. वयानुसार ते घटते, आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळ्या ते आणखी घटवितात. मधुमेहात सर्वाधिक दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळीही बी-१२ चे शोषण कमी करते. म्हणजे शाकाहारी, वयस्क, मधुमेही आणि आम्लपित्ताची गोळी घेणाऱ्या माणसाच्या वाटेवर चारही दारे एकदम अर्धी लागतात. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे नऊ दिवसांच्या आयंबिल ओळीने काही बिघडत नाही. ज्यांचा दूध-दह्याचा त्याग दीर्घकाळचा आहे, त्यांनी मात्र तपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करण्याची चूकही कुणी करू नये. तपासणी करावी आणि कमी असेल ते भरून काढावे.

या इतिहासातील एक प्रकरण मुंबईत घडले. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी दाखविले. पुढे त्या अर्कातील घटक फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. मात्र बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते आणि चेतातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. ‘हिमोग्लोबिन उत्तम आहे’ या अहवालाने पायांच्या बधिरतेबाबत निश्चिंत होऊ नये, ते एवढ्यासाठीच.

‘मग काय अंडी खायची?’ हा प्रश्न हमखास येतो. मुळीच नाही. औषधातील बी-१२ कारखान्यात जीवाणूंच्या आंबवणीतून तयार होते, प्राण्यापासून नव्हे. हरकत असू शकते ती वेष्टनाला. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनलेले असते. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे आणि साधी गोळी किंवा इंजेक्शन मागावे. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवी खूण पाहता येते. औषधावर ती असेलच असे नाही. ज्यांच्या मनात आंबवणीविषयीही शंका असेल त्यांनी आपल्या गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलावे. शंका मनात ठेवून औषध टाळणे आणि पाय गमावणे, हा कोणत्याच व्रताचा भाग नाही.

येथे काळाला महत्त्व आहे. लक्षणे सुरू होऊन काही महिनेच झाले असतील तर उपचाराने बरीच सुधारणा होते. बधिरता वर्षानुवर्षांची झाली आणि मज्जारज्जूच्या मागील भागापर्यंत पोहोचली की झीज थांबते, पण गेलेले सर्व परत येत नाही. तपासणी मोठी नाही. रक्तातील बी-१२ चे प्रमाण साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ते कमी समजतात. त्याच्या थोडे वर असेल आणि लक्षणे असतील तरी डॉक्टर पुढे शोध घेतात. घोट्यावर कंपन पावणारा ट्यूनिंग फोर्क टेकविणे आणि तळव्याला नायलॉनच्या बारीक तंतूने स्पर्श करणे, एवढ्याने पायांची संवेदना पाच-दहा मिनिटांत कळते. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून जयपूर फूट असंख्य लोकांपर्यंत पोहोचविला आणि त्या कार्यास जैन समाजाने सढळ हाताने साथ दिली. कृत्रिम पायासाठी देणगी देणाऱ्याने स्वतःच्या खऱ्या पायासाठी वर्षातून दहा मिनिटे काढावीत, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.

आता ज्यांची बधिरता पूर्ण जाणार नाही त्यांच्याविषयी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या संदर्भात एक गोष्ट ठामपणे मांडली. बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना न कळल्याने होणाऱ्या जखमांनी ती जातात. वेदना ही पहारेकरी आहे आणि पहारेकरी झोपला की घर उघडे पडते. मधुमेहींच्या पायांनाही हेच लागू पडते. म्हणून जे काम तळव्याची त्वचा करीत होती ते आता डोळ्यांनी करावयाचे. रोज रात्री तळवे आणि बोटांमधील जागा पाहावी. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा सुनेला, नातवाला दाखवावे. यात संकोच कसला? पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने पाहावे. भोवरी ब्लेडने कापू नये. श्राविकांनी जोडव्यांखालील त्वचा जरूर पाहावी.

अनवाणी चालण्याचा प्रश्न नाजूक आहे. विहार करणाऱ्या साधु-साध्वींची चर्या निराळी. तेथे श्रावकांनी वैयावच्च म्हणून त्यांच्या पायांची तपासणी घडवून आणावी, एवढेच म्हणता येईल. पण गृहस्थाने मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, मंदिराच्या तापलेल्या फरशीवर बधिर पाय ठेवला तर फोड आलेला त्याला घरी गेल्यावर समजतो. घरात मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल वापरावी. ती चामड्याशिवाय मिळते, म्हणून अहिंसेच्या दृष्टीनेही अडचण नाही. नुसते सुती मोजे घालून गुळगुळीत संगमरवरावर चालू नये. तो घसरण्याचा राजमार्ग आहे. उपवास, चौविहार करणाऱ्या मधुमेहींनी गोळ्या-इन्सुलिनचे वेळापत्रक आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावे, कारण साखर उतरून येणारी भोवळ आणि बधिर पाय एकत्र आले की पडणे ठरलेलेच.

तोल हा सरावाने बराच सुधारतो. स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, भिंतीलगत टाचेपुढे टाच ठेवून चालणे, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे, हे रोज करावे. सोबत कुणी असावे. काठीविषयी मात्र ज्येष्ठांच्या मनात अढी असते. काठी म्हणजे म्हातारपणाची कबुली, असे त्यांना वाटते. वास्तविक काठी केवळ भार पेलण्यासाठी नसते. बोटांचा हलका स्पर्श स्थिर वस्तूला असला तरी शरीराचे डोलणे कमी होते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. जमिनीची जी बातमी तळवा देत नाही, ती काठी हाताला देते. कायोत्सर्गही भिंतीलगत, बोटे टेकवून करता येतो. ते न जमल्यास बसून करण्याची मोकळीक आहेच.

संघाने करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी खर्चाच्याही फारशा नाहीत. स्थानकाच्या व मंदिराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा असावा. चपला काढण्याच्या जागी बसण्यास बाक असावा, कारण एका पायावर उभे राहून पट्टा सोडवितानाच अनेकजण पडतात. पहाटेच्या प्रतिक्रमणापूर्वी पायऱ्यांवरचा दिवा लागलेला असावा आणि प्रक्षालानंतर ओली झालेली फरशी दर्शनाची रांग सुरू होण्याआधी पुसली जावी.