पापणीवरील शस्त्रक्रिया : काय साधतें आणि काय साधत नाहीं

मनुष्याचें वय केसांवरून ओळखावें असा लोकांचा समज आहे. परंतु केसांना कलप लावतां येतो. वय खरें उघडें पडतें तें डोळ्यांभोंवतीं. नाकावर चाळिशी चढते त्याच सुमारास वरच्या पापणीची कातडी सैल होऊन ओथंबूं लागते आणि खालच्या पापणीला फुगवट्या येतात. रात्रभर स्वस्थ झोंप घेऊन आलेल्या गृहस्थाला कचेरींत पाऊल टाकतांच "आज बरें नाहीं काय?" असा प्रश्न ऐकावा लागतो. अंगांत थकवा नसतो. चेहरा मात्र थकल्याचें सांगत राहतो. या किरकोळ वाटणाऱ्या दुःखावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तो सहज उपलब्ध असल्यामुळें, तो करून घेणाऱ्यानें त्यापासून कशाची अपेक्षा धरावी आणि कशाची धरूं नये, हें आधींच समजून घेणें इष्ट होय.

ही शस्त्रक्रिया सर्वस्वीं नवी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत पक्ष्मकोप नांवाच्या विकारावर जवळजवळ असाच छेद सांगितला आहे. पापणीचे केस आंत वळून डोळ्याला टोंचूं लागले, म्हणजे वरच्या पापणीची कातडी यवाच्या आकाराची कापून काढावी व जखम केसानें शिवावी. मात्र छेद घेतांना भुवईच्या बाजूस दोन भाग आणि पापणीच्या केसांच्या बाजूस एक भाग राखावा, असा तेथें दंडक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार सेल्सस यानेंहि सैल पापणीची जादा कातडी कापण्याचा विधि लिहून ठेवला. जर्मन शस्त्रवैद्य फॉन ग्रेफे यानें १८१८ सालीं 'ब्लेफरोप्लास्टी' हा शब्द रूढ केला तो नष्ट झालेली पापणी पुन्हा घडविण्याच्या संबंधांत. केवळ रूपासाठीं पापणीवर शस्त्र चालविण्याला प्रतिष्ठा आली ती विसाव्या शतकांत. पॅरिसच्या सुझान नोएल या विदुषी शस्त्रवैद्येनें १९२६ सालीं या विषयावर ग्रंथ लिहून अशा शस्त्रक्रियेचें सामाजिक महत्त्व प्रतिपादिलें. चेहऱ्यावर वय दिसूं लागलें कीं पोटाचा उद्योग जाण्याची धास्ती असलेल्या स्त्रिया तिच्या डोळ्यांसमोर होत्या. एवंच, प्राचीनांनीं वेदना शमविण्यासाठीं जेथें शस्त्र धरलें, तेथेंच आधुनिकांनीं तें रूपासाठीं धरलें. पण किती कापावें याहून किती राखावें हें महत्त्वाचें, हा सुश्रुताचा दंडक दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

याचें कारण पापणीच्या रचनेंत आहे. शरीरांतील सर्वांत पातळ कातडी पापणीची. तिची जाडी एक मिलिमीटरहूनहि कमी भरते. तिच्याखालीं डोळा मिटणारा स्नायु, त्यामागें एक पातळ पडदा आणि पडद्यामागें खोबणींतील चरबी असते. वय वाढतें तशी कातडी सैल होते, पडदा ढिला पडतो व मागची चरबी पुढें डोकावूं लागते. वरच्या पापणीवर शस्त्रवैद्य नैसर्गिक घडीच्या रेषेंतच छेद घेतो, जादा कातडी व जरूर तर थोडी चरबी काढतो आणि बारीक टांके घालतो; डोळा उघडा असतां वण घडींत लपून जातो. खालच्या पापणीला छेद केसांलगत बाहेरून किंवा पापणीच्या आंतल्या बाजूनें घेतात. आंतून घेतल्यास बाहेर वण राहत नाहीं, पण तेवढ्यानें सैल कातडी कमी होत नाहीं. पूर्वीं चरबी सढळ हातानें काढीत असत. पुढें असे डोळे खोल जाऊन अधिकच वृद्ध दिसतात असें आढळल्यावरून ती शक्य तितकी राखण्याकडे कल झाला. वरच्या बाजूस भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत सुमारे २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहिली पाहिजे, असा ठोकताळा आहे. कातडी कमी कापली गेली तर ती पुन्हा कापतां येते. अधिक कापली गेली तर पापणी पुरती मिटत नाहीं, झोंपेंत डोळा उघडा राहतो आणि बुबुळ कोरडें पडून त्याला इजा पोंचते.

आतां या उपायानें काय साधत नाहीं तें पाहूं जातां, निराशेचें मूळ बहुधा तेथेंच सांपडतें. डोळ्यांच्या कडेला हंसतांना पडणाऱ्या सुरकुत्या यानें जात नाहींत. डोळ्यांखालचा काळेपणा कातडीच्या रंगाचा असेल तर तो तसाच राहतो. भुवईच खालीं उतरली असेल तर नुसती पापणी कापून डोळा मोकळा दिसत नाहीं. आणि पापणी उचलणारा स्नायुच दुबळा असेल, तर तो विकार निराळा व त्यावरील शस्त्रक्रियाहि निराळी. ओथंबलेली कातडी बुबुळावर येऊन वरच्या बाजूचें दिसणें अडत असेल, तर मात्र रूपाबरोबर दृष्टीचें क्षेत्रहि मोकळें होतें. अशा रुग्णाचें समाधान बहुधा अधिक असतें.

शस्त्रक्रियेपूर्वीं डोळ्यांची नीट तपासणी झाली पाहिजे. डोळे कोरडे पडण्याची खोड, कंठग्रंथीचा म्हणजे थायरॉइडचा विकार, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांपैकीं कांहींहि लपवूं नये. ॲस्पिरिनसारखीं रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास तीं सांगावीं. परंतु हृदयासाठीं दिलेलें औषध तें देणाऱ्या वैद्याच्या संमतीवांचून बंद करणें धोक्याचें आहे. चष्म्याचा नंबर घालविण्याची लेसर शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर कांहीं महिने थांबावें.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया बहुधा जागेपणींच, पापणीपुरती भूल देऊन करतात. दोन्ही वरच्या पापण्यांना साधारण तासभर लागतो. रुग्ण बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो, पण सोबतीला कोणी असावें. आरशांत पाहण्याची घाई मात्र करूं नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सूज सर्वांत अधिक असते, डोळ्यांभोंवतीं काळेंनिळें होतें, नजर किंचित् अंधुक वाटते, आणि पुष्कळांना याच वेळीं "हें काय करून बसलों!" असें होतें. पहिले दोन दिवस थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, उशी उंच घ्यावी, ओणवें होऊं नये, जड उचलूं नये. पांच ते सात दिवसांत टांके निघतात. दोन आठवड्यांत चारचौघांत मिसळण्याजोगा चेहरा होतो. वणाची लाली ओसरून खरें रूप स्थिर व्हावयास कांहीं महिने लागतात. घरांत लग्नकार्य असेल तर मुहूर्ताच्या तोंडावर हा उद्योग न केलेला बरा.

एक धोका विरळा असला तरी प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. खोबणींत रक्तस्राव झाला तर डोळ्याच्या शिरेवर दाब येऊन दृष्टि जाऊं शकते. अमेरिकेंत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असा रक्तस्राव सुमारे २००० त १, व त्यामुळें कायमचें अंधत्व सुमारे २२,००० त १, असें प्रमाण आढळलें. हें बहुधा पहिल्या चोवीस तासांत घडतें. तेव्हां एका डोळ्यांत एकाएकीं तीव्र वेदना, डोळा पुढें आल्यासारखी घट्ट सूज, किंवा दिसणें कमी होणें, यांपैकीं कांहींहि जाणवल्यास सकाळ होण्याची वाट पाहूं नये. रात्रीं-अपरात्रीं शस्त्रवैद्याला गांठावें. वेळीं दाब मोकळा केल्यास दृष्टि वांचूं शकते. म्हणूनच असें ठिकाण निवडावें कीं, जेथें रात्रींहि हांकेला ओ देणारें कोणी आहे. पैशाच्या सवलतीपेक्षां ही सवलत मोलाची.

आणि सरतेशेवटीं अपेक्षेविषयीं. कोणाचेहि दोन डोळे शस्त्रक्रियेपूर्वीं तंतोतंत सारखे नसतात. ते नंतरहि तसे होत नाहींत. फळ कित्येक वर्षें टिकतें, पण काळ थांबत नाहीं. शस्त्रक्रिया पापणीवरचा भार उतरवते. संसारांतला, मनांतला भार उतरवीत नाहीं. दुसऱ्या कोणाच्या टोमण्यामुळें जो शस्त्राखालीं जातो, त्याला टोमणा मारणारे पुढेंहि भेटतात. आपल्या चेहऱ्याशीं एरवीं ज्याचें भांडण नाहीं, पण ओथंबलेल्या कातडीनें ज्याचा डोळा झांकोळला आहे, त्याला मात्र ही शस्त्रक्रिया त्याचाच जुना डोळा परत मिळवून देते. "आज बरें नाहीं काय?" हा प्रश्न बंद झाला, आणि काय बदललें हें विचारणाऱ्याला नेमकें सांगतां आलें नाहीं, म्हणजे ती साधली असें खुशाल समजावें.